उतरण्याची खूण

१

माझ्या वडिलांना, आबांना, पक्षाघाताचा झटका आला तो मार्चच्या एकोणीस तारखेला. मी जळगावहून धुळ्याला मुक्कामी आले ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, विद्यापीठातले पेपर तपासून झाल्यावर. मधले पाच आठवडे त्यांना कुंदाबाईने सांभाळले. ती अकरा वर्षांपासून आमच्याकडे धुणेभांडी करते आणि स्वतःला या घराची धनीण समजते. तसे समजण्याचा अधिकार तिने या पाच आठवड्यांत कमावला होता.

मी संख्याशास्त्र शिकवते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि आबांच्या दिवसाची नोंद सुरू केली. सहाला जाग, साडेसहाला रक्तदाब, सातला ज्वारीची पेज, नऊला व्यायाम, साडेबाराला जेवण, चारला चहा. रक्तदाब दिवसातून आठ वेळा.

व्यायामासाठी येणारी दिपमाला वही पाहून हसली. "मॅडम, तुम्ही काकांवर पीएच.डी. करताय का?"

"नोंद असली की अंदाज बांधावे लागत नाहीत."

"मग ही पण लिहून ठेवा." तिने आबांचा डावा हात मनगटाला धरून उचलला. तो बेंबीपर्यंत आला आणि थांबला. "याच्या वर अजून दोन महिने जायचा नाही. आणि बोलण्याचं म्हणाल तर एकच शब्द उरलाय."

"नको," आबा म्हणाले.

"हाच. चहा घेता का म्हटलं तरी नको, आणि कप रिकामा करतात. शब्दाकडे लक्ष देऊ नका, मॅडम. चेहरा वाचायचा."

मी तसे लिहून घेतले. शब्द ग्राह्य नाही. चेहरा ग्राह्य.

पहिल्या आठवड्यातच एका रकान्याने मला अस्वस्थ केले. दिवसभर रक्तदाब १४०च्या आसपास राही. चार पंचवीसला आबा खिडकीकडे पाहू लागत. चार पस्तीसला उजव्या हाताने पलंगाची कड धरून उठण्याची धडपड सुरू होई. चार चाळीसला आकडा १९८ वर ११२. पाचला पुन्हा १४०. सात दिवस हे असेच घडले; मिनिटाचाही फरक नाही.

डॉक्टरांनी वही पाहिली आणि चष्मा काढला. "रोज एवढी उसळी त्यांची नस सहन करणार नाही. दुसरा झटका आला तर मी काही करू शकणार नाही. चार चाळीसला काय होतं, ते शोधा आणि बंद करा."

२

चार चाळीसला काय होते, हे मला एका अर्थाने लहानपणापासून ठाऊक होते.

आबा नौदलात होते. सत्तर साली गेले, पंच्याऐंशी साली परतले. त्यांतली सहा वर्षे एका जुन्या क्रूझरवर गेली. क्रूझर हे तोफांसाठी बांधलेले मोठे जहाज. पूर्वी अशा जहाजांवरून पाण्यावर उतरणारी लहान विमाने उडवीत. पुढे त्यांची जागा हेलिकॉप्टरने घेतली. मागच्या बाजूला जेमतेम गच्चीएवढा डेक, त्यावर पांढरे वर्तुळ, वर्तुळावर जाड दोराचे जाळे. ओल्या पत्र्यावर चाके घसरू नयेत म्हणून. खाली जहाज डोलत असते, वर यंत्र डोलत असते. उतरणारा वैमानिक अशा वेळी फक्त एका माणसाकडे पाहतो: वर्तुळाच्या पुढे, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या. त्याचे हात सांगतील ते वैमानिकाने करायचे. त्या क्रूझरवर तो माणूस म्हणजे आमचे आबा, आधार बैसाणे, मुक्काम साक्री तालुका.

धुळ्याच्या देवपूर भागातले हे घर बांधताना त्यांनी गच्चीवर पूर्वेच्या बाजूला एक खोली काढली आणि स्वतः तिथेच राहिले. खोलीच्या दारापुढे गच्चीत चुन्याचे वर्तुळ, त्यावर काथ्याच्या दोराचे जाळे, खोलीच्या छतावर बांबू आणि बांबूला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी. ती आईच्या जुन्या परकराची होती. दरवर्षी दिवाळीआधी आई ती नवी शिवून देई.

चार ते पाच गच्ची बंद, हा आमच्या घरचा नियम होता. नळाला पाणी येण्याची वेळ पाळावी तसा तो आम्ही पाळला. त्या तासासाठी आबांनी नौदलानंतरच्या सूतगिरणीतल्या नोकरीत आयुष्यभर पहिली पाळी मागून घेतली, बढती दोनदा नाकारली. गच्चीच्या जिन्याला आतून कडी लागे. पाचला ते खाली येत, तेव्हा शेजारचे हिलालनाना, एसटीतून निवृत्त झालेले, कुंपणापलीकडून विचारीत:

"काय आधार, उतरनं का तुन्हं इमान?"

"नही उतरनं, नाना."

"मंग उद्या उतरी!"

दोघेही हसत. मला आबांची दया येई. इतकी वर्षे वाट पाहणाऱ्या माणसाची कुणी अशी थट्टा करू नये, असे मला वाटे.

कारण वाट कुणाची, हे घरात सर्वांना माहीत होते. सत्त्याहत्तरच्या ऑक्टोबरात त्यांच्या डेकवरून एक हेलिकॉप्टर तिघांना घेऊन उडाले आणि परत आले नाही. उडणाऱ्याने आपला पितळी बिल्ला डेकवरच्या फळीला टांगायचा आणि परतल्यावर स्वतःच्या हाताने काढून न्यायचा, अशी तिथली रीत. बिल्ला फळीवर आहे तोवर माणूस बाहेर आहे. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. पुढे जहाज मोडीत निघाले, तेव्हा फळीवर राहिलेले ते तीन बिल्ले आबांनी मागून घेतले. गच्चीवरच्या खोलीत ते बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तीन खिळ्यांना टांगलेले होते: १४, २२ आणि ३१. आई होती तोवर रोज तसबीर पुसायची. बिल्ल्यांना तिने कधी फडके लावले नाही.

३

मेच्या सहा तारखेला मी पहिल्यांदा चार चाळीसला गच्चीत गेले. आबांचा पलंग अजूनही गच्चीवरच्या खोलीतच, खिडकीशी होता. त्यांना मी दिसत होते.

बेचाळीस अंश तापमान होते. गल्लीत माणूस नव्हते. कडुनिंबाचे पान हलत नव्हते. हिलालनानांच्या गच्चीत, ते गेल्यापासून ती रिकामीच असते, कुंदाबाईने जुन्या साडीवर ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, वाळत घातले होते. त्यांतला एकही जागचा हलत नव्हता.

आमच्या बांबूवरची नळी मात्र फुगून आडवी झाली होती.

या दिवसांत धुळ्यात दुपारी वारा आलाच तर पश्चिमेकडून येतो. नळीचे तोंड पूर्वेकडे होते आणि शेपूट पश्चिमेकडे. हे सहा मिनिटे टिकले. मग कुणी आतली हवा काढून घ्यावी तशी ती लोंबकळली.

मी कारणे मांडली. तापलेल्या स्लॅबवरून वर जाणारी हवा: तिने नळी आडवी होणार नाही. शेजारच्या एसीचा झोत: त्या बाजूला एसी नाही. माझा दृष्टिदोष: दुसऱ्या दिवशी मी मोबाइलने छायाचित्र घेतले, त्यात नळी आडवीच होती. तिसऱ्या दिवशी मी दोन उदबत्त्या लावल्या. एक आमच्या कठड्यावर, दुसरी चार फुटांवर, हिलालनानांच्या कठड्यावर. तिकडचा धूर सरळ वर गेला. आमचा पश्चिमेकडे वाकून जमिनीला समांतर धावू लागला.

"ताई, उदबत्ती कोनले लायनी?" कुंदाबाईने पलीकडून विचारले. ती बिबडे उलटत होती.

"वारा बघतेय. तुम्ही हे आमच्या गच्चीत का नाही वाळत घालत? इतकी जागा आहे."

"चार वाजनात का तठे काहीच ऱ्हात नही. बठ्ठं उडी जास." ती ऊन आहे, सावली आहे, अशा सुरात म्हणाली. "एक साल घालेल व्हतं. निम्मं बिबडं नालीमा सापडनं."

मी विचारायला हवे होते: अकरा वर्षे या कठड्यापलीकडून तू आणखी काय पाहिलेस? मी विचारले नाही. तिच्याकडे नोंदी नव्हत्या.

चौथ्या दिवशी गच्चीतल्या बादलीकडे लक्ष गेले. बादली सपाट फरशीवर होती. आतले पाणी पूर्वेच्या कडेला दोन बोटे खाली आणि पश्चिमेच्या कडेला दोन बोटे वर होते, आणि ते तसेच स्थिर राहिले. चार शेहेचाळीसला ते सपाट झाले.

त्या रकान्यात मी "कारण अज्ञात" असे लिहिले. माझ्या विद्यार्थ्यांनी असे लिहिले तर मी गुण देत नाही.

४

आबांच्या ट्रंकेत गणवेशाखाली एक काळ्या पुठ्ठ्याची वही होती. इंग्रजीतून शिकवलेले त्यांनी मराठीत, ठसठशीत अक्षरात उतरवले होते. पहिल्या पानांवर डेकचे नियम होते. एक वाक्य मी दोनदा वाचले: "डेकवरचा वारा निम्मा आकाशाचा व निम्मा जहाजाच्या चालण्याचा. आकाशाचा नसेल तर जहाजाने चालून तो निर्माण करावा. त्याशिवाय यंत्र उतरू शकत नाही."

हे भौतिकशास्त्र मलाही येते. स्थिर हवेत सायकल चालवली की तोंडावर वारा लागतो. झाडाचे पान हलत नाही आणि एकाच गच्चीवर पूर्वेचा वारा आहे, तर सर्वांत सोपा निष्कर्ष असा निघतो की गच्ची पूर्वेकडे चालली आहे. वेग घेताना बादलीतले पाणीही मागे, पश्चिमेलाच चढेल. मी वही मिटली आणि खाली जाऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. तिथे कुकर होता, दिनदर्शिका होती, फ्रीजचा आवाज होता. थोड्या वेळाने मी परत वर गेले.

पुढच्या पानावर हातांच्या खुणा होत्या. काड्यांची पाच माणसे, प्रत्येकाखाली अर्थ. चौथ्या माणसाचे हात समोर, कमरेखाली, एकमेकांवर कैचीसारखे: "उतर." पाचव्याचे तीच कैची करून डोक्यावर, पुन्हा पुन्हा हलणारे: "उतरू नको. परत जा." चौथ्या आकृतीशी आबांनी टीप लिहिली होती: "ही खूण दिल्यावर मागे घेता येत नाही."

शेवटची नोंद सत्त्याहत्तरच्या ऑक्टोबरातली होती.

"१५१०. गेले. बिल्ले तीन. १६४०. मागून दिसले. दार उघडे. मोजले. चार."

१६४० म्हणजे दुपारचे चार चाळीस. नोंदीच्या खाली पान कोरे होते. त्यानंतरची सगळी पाने कोरी होती.

गेले तीन, दिसले चार. अंतर, थरथर, ऊन. डोलणाऱ्या डेकवरून डोलणाऱ्या दारात माणसे मोजायची. एकाची चूक अगदी स्वाभाविक आहे. मला आबांची पुन्हा दया आली. त्यांनी मोजणीत चूक केली आणि ते यंत्र डोळ्यांसमोर हरवले. म्हणून ते रोज त्याच वेळी उभे राहतात आणि ते सुखरूप उतरवू पाहतात, असे मी ठरवले. माणसे हरवली की मागे राहिलेले असेच काहीतरी करतात.

आणि पुरावा माझ्यासमोर पलंगावर होता. रोज चार चाळीसला आबा उजव्या हाताने डावे मनगट पकडीत, उचलीत, पोटापाशी दोन्ही हातांची कैची करीत. पुन्हा पुन्हा. समोर, कमरेशी. चौथी आकृती.

५

चौदा मेला आकडा २१४ वर ११८ गेला आणि आबांच्या नाकातून रक्त आले.

दिपमालाच आधी घाबरली. "मॅडम, यांना जे करायचंय ते करू द्या हो एकदाचं. नाहीतर तुम्ही करून दाखवा. आमच्याकडे एक आजोबा होते, त्यांना रोज गाईला चारा घालायचा असायचा. सुनेनं घातला तरी चालायचं. झोपायचे मग."

ही सूचना शास्त्रीय नव्हती, पण तपासण्यासारखी होती. रात्री मी आरशापुढे चौथ्या आकृतीचा सराव केला. हात सरळ, कोपर न वाकवता, मनगटे एकमेकांवर, तळवे मांड्यांकडे. आबा पक्षाघातामुळे ती खूण वेडीवाकडी करीत होते. माझी वहीबरहुकूम असणार होती.

पंधरा तारखेला चार तीसला मी त्यांच्या पलंगाशी बसले.

"आबा, आज तुमच्या जागी मी उभी राहते. तुम्ही नुसतं बघायचं. सगळं नीट करीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. इतके स्वच्छ त्यांनी झटक्यानंतर कधी पाहिले नव्हते. चेहरा वाचायचा, असे दिपमाला म्हणाली होती, मी वाचला. त्यात सुटका होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मग त्यांनी उजवा हात सावकाश डोक्याच्याही वर नेला आणि तसाच धरून ठेवला. मला तो सॅल्यूट वाटला. मीही हात कपाळाशी नेला आणि बाहेर पडले.

६

वर्तुळापुढे उभे राहायचे म्हणजे खोलीकडे पाठ येते. आबांचा चेहरा मला दिसणार नव्हता, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

चार एकोणचाळीसला नळी भरली. पाठीवर वारा आला. पलीकडे कुंदाबाई बिबडे गोळा करीत होती. तिच्या डोक्यावरचा पदर स्थिर होता.

पश्चिमेला सूर्य होता, त्यामुळे समोर पाहणे कठीण होते. आवाज आला नाही. घाट उतरताना एसटीत कान दडपतात तसे कान दडपले, आणि त्या दडपणाला ठोके होते, मोजता येतील असे. काथ्याचे दोर थरथरू लागले. उन्हात एक जागा अशी होती जिथे ऊन मधून मधून कापले जात होते.

मी हात समोर आणले, सरळ, कमरेखाली, आणि मनगटे एकमेकांवर ठेवली.

मागून आबा ओरडले, "नको!"

तो त्यांचा एकच शब्द होता. चहालाही तो, औषधालाही तो. शब्द ग्राह्य नाही.

"नको! नको! नको!"

मी हात हलवले नाहीत. खूण अर्धवट देऊ नये, असे वहीत होते.

जाळे दबले. तीन ठिकाणी दबले: एक माझ्या जवळ, दोन पलीकडे. गाठी फरशीला टेकल्या आणि पाणी पिळून निघावे तसा दोरांतून ओलावा पसरला. रॉकेलसारखा वास आला. मी खाली पाहिले, कारण वर पाहणे मला जमले नाही. त्या वेळी माझी सावली माझ्यापेक्षा दीडपट लांब, पूर्वेकडे, खोलीच्या दारापर्यंत पडलेली होती. मान वळवली की ती दिसत होती. तिच्या शेजारून एक सावली गेली. ती माणसाची होती. चालण्यात घाई होती. मग दुसरी. मग तिसरी, किंचित लंगडत. तिन्ही दारातून आत गेल्या.

मग बराच वेळ काही नाही.

मग फरशीवर पुन्हा सावली आली. मी स्वतःची वजा केली. मी पुन्हा वजा केली. ती चालत नव्हती. ती माझ्या सावलीच्या अगदी बाजूला येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे आणून मनगटे एकमेकांवर ठेवली, जशी मी ठेवली होती.

मी डोळे मिटले. चार शेहेचाळीसला पाठीवरचा वारा थांबला.

७

खोलीत आबा शांत पडले होते. मी रक्तदाब घेतला. ११८ वर ७६. तो मी तीनदा घेतला. पस्तिशीनंतर त्यांचा इतका चांगला आकडा कधी आला नसेल. ते जिवंत होते. मला हेच हवे होते.

तसबिरीखाली तीन खिळे होते. बिल्ले नव्हते. भिंतीवर तीन गोल फिकट डाग तेवढे राहिले होते. मी पलंगाखाली, ट्रंकेमागे, कचऱ्यात शोधले. मग शोधणे थांबवले. स्वतःच्या हाताने काढून न्यायचे, अशी रीत होती. तिघांनी ती पाळली होती. शेहेचाळीस वर्षे बाहेर राहिलेली माणसे आत आली होती आणि निघून गेली होती. क्षणभर मला आनंदही झाला, हे मी नाकारत नाही.

कुंदाबाई जिन्याने वर आली. दाराशी आली तेव्हा तिच्या हातात गच्चीवरच्या जाळ्याचे टोक होते आणि बोटांतून पाणी गळत होते.

"ताई, हाई वल्लं कसं झाय? नळले आठ दिनथीन पानी नही." तिने बोट जिभेला लावले आणि लगेच थुंकली. "खारं शे! चाखी दखा."

मी चाखले नाही. "कुंदाबाई, तुम्ही मला पलीकडून पाहिलंत ना? मी बरोबर केलं का? आबा करायचे तसं?"

"कसाले बरोबर?" ती आबांकडे पाहत म्हणाली. "तुम्ही हात खाल कऱ्यात. आबा वर करेत. डोकावर, दोन्ही हात, अशी कैची करी करी. भलतं जोरबन. कुत्राले हाकलतस ना, तसं. अकरा साल मी दखी ऱ्हायनू."

"रोज?"

"रोज. अन मंग कठडाले धरी उभा ऱ्हायेत, अन हासेत."

मी काळी वही उघडली. चौथी आकृती आणि पाचवी. एकच कैची, फरक फक्त उंचीचा. आबांचा डावा हात बेंबीच्या वर जात नव्हता. ते मी स्वतःच्या अक्षरात, पहिल्या पानावर, नोंदवले होते.

म्हणजे सत्त्याहत्तर साली त्यांनी चूक मोजली नव्हती. तीन गेले होते आणि दारात चार बसलेले होते, म्हणून त्यांनी हात डोक्यावर नेले आणि आपल्याच तिघांना समुद्रावर परत पाठवले. त्यानंतर रोज. हिलालनानांना ते रोज सांगत: नही उतरनं. मी ती निराशा समजले होते.

"आबा," मी म्हणाले. मी पाचवी आकृती त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी "नको" म्हटले नाही. तो शब्दही गेला होता. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. त्यांची नजर माझ्या उजव्या खांद्यापलीकडे, दाराशी होती. मी पाणी आणायला खाली गेले. परत आले तेव्हा नजर तिथून हलली होती आणि खोलीत एक पाऊल आत आली होती.

८

सोळा तारखेला चार एकोणचाळीसला मी वर्तुळापुढे उभी होते. या वेळी हात डोक्यावर नेले. कैची केली, सोडली, पुन्हा केली. खांदे भरून येईपर्यंत केली.

नळी हलली नाही. परकराचे कापड बांबूला सरळ लोंबत होते. बादलीतले पाणी सपाट होते. आमची गच्ची शेजारच्या गच्चीसारखीच स्थिर होती, कुठेही चाललेली नव्हती. परत पाठवायला वर काही उरलेले नव्हते.

मी आत आले. कुंदाबाई दुपारचे काम आटोपून गेली होती. दिपमालाने फोन करून उद्या येते म्हणून सांगितले होते. खोलीत आम्ही दोघे होतो. मी हे वहीत लिहिले: उपस्थित व्यक्ती, दोन.

आबांच्या पलंगासमोर, दाराजवळ, नायलॉनच्या पट्ट्यांची लोखंडी खुर्ची असते. दिपमाला व्यायामानंतर तिच्यावर बसते. मी रक्तदाबाचे यंत्र काढत असताना खुर्चीची पट्टी करकरली. बसताना करकरते तशी.

आबांनी माझे डावे मनगट धरले. उजव्या हातातली त्यांची ताकद शाबूत आहे. त्यांनी माझा हात वर ओढला, खांद्यापर्यंत, कानापर्यंत, डोक्याच्या वर. मग मनगट सोडून आपला उजवा हात माझ्या हातावर आडवा आणला. त्यांचा एक आणि माझा एक, अशी आमची कैची झाली. ते ती हलवू लागले. मीही हलवू लागले. दोघांचे तोंड खुर्चीकडे होते.

खुर्ची रिकामी होती. हे मी पुन्हा सांगते: तिच्यावर कुणी नव्हते, मागची भिंत मला पूर्ण दिसत होती. फक्त बैठकीच्या पट्ट्या मधोमध खाली दबलेल्या होत्या, आणि खालच्या फरशीवर थेंब पडत होता. मी मोजत होते. दर चार सेकंदांनी एक.

आबांचा हात खाली येऊ लागला. बहात्तराव्या वर्षी हात किती वेळ वर राहू शकतो, याची माझ्याकडे नोंद नाही. मी दुसऱ्या हाताने त्यांचे कोपर खालून धरले आणि वर उचलून ठेवले.

पट्ट्या अजून वर आल्या नव्हत्या.